आणणारा : शिपाई

नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी आकडे तपासले.
एक आकडा सरकला की अख्खा गठ्ठा परत.
म्हणून सीलासकाकांनी शरणपूरच्या चर्चचं कपाट उघडून
बाप्तिस्म्यांची वही टेबलावर ठेवली तेव्हा
मी आधी वाचलं नाही, पानं मोजली.
दोन कमी भरली.
वाळवी, काका म्हणाले.

आम्ही लष्करे.
घरात सांगत आले, मूळ पुरुष कोळी पलटणीत होता,
सरकारी बंदूक, महिना सात रुपये.
भाऊ लग्नपत्रिकेवर क्रूसाखाली तलवार छापतो.

त्याआधी एकदा रामकुंडावरही जाऊन आले होते.
उपाध्यांनी लाल फडकं सोडलं, विचारलं, गाव?
पेठेकडचं असावं.
आडनाव?
बोट ओलं करत तीन बाडं उलटली,
मग माझ्यासाठी चहा सांगितला.
चहा सांगितला तेव्हाच समजले.
"असं आडनाव डोंगरात नसतं, बाई."

आणि इथे, दीड मैलावर, दुसऱ्या कपाटात,
विटकरी झालेली शाई, उजवीकडे कललेलं इंग्रजी अक्षर :
१८५९. मुलगा शिमोन. बाप बुधा लचके, शिपाई.
आई गोदी.
आईचं नाव!
बाडांमध्ये पिढ्यान् पिढ्या बाप आणि बाप आणि बाप,
इथे एक गोदी, स्वतःच्या रकान्यात बसलेली.
१८६१. मुलगी रूथ. बाप आता बूडा लुचकी.
पाद्री बदलला असणार, कान नवा.
सहीच्या जागी फुली.
क्रूस नाही हं तो, काका म्हणाले,
लिहिता न येणाऱ्याची निशाणी.

बुधाचा स्वतःचा बाप्तिस्मा कुठेच नाही.
मुलं पाण्यापर्यंत नेली
आणि हा दारात, पटका काखेत धरून
उभा राहिला असेल.

मी खूश होते. लचक्याचं लष्करे कधी झालं
तेवढंच शोधायचं राहिलं होतं.
माझ्या पणज्याचं नाव दाविद.
शिमोनच्या मागे-पुढे कुठेतरी असेल म्हणून
पान मागे घेतलं.

१८५८, फेब्रुवारी.
मुलगा दाविद, वय अंदाजे दोन.
बाप : कोरं.
आई : कोरं.
गाव : डोंगर.
आणणारा : बुधा, शिपाई.
समासात, नंतरच्या निळ्या शाईत, कुणीतरी सोयीसाठी : लष्करे.

भिंग काढलं.
कोरे रकाने भिंगातून मोठे होतात, एवढंच.

त्या हिवाळ्यात पलटण पेठेच्या डोंगरात
बंडकऱ्यांच्या मागावर होती.
बंडकरी कोण? याच्याच बोलीत हाका मारणारे,
याच्यासारखेच नागलीची भाकर खाणारे.
वाट दाखवायला म्हणून तर यांना भरती केलं.
दोन वर्षांचं पोर डोंगरात एकटं का होतं,
बुधा तिथे आधी पोचला की नंतर,
त्याची बंदूक गार होती का,
याचा रकाना वहीत आखलेला नाही.
फक्त शिमोनपुढची फुली हलकी आहे,
रूथपुढची त्याहून हलकी,
आणि दाविदपुढे टाक इतका रेटलाय
की कागद फाटून
मागच्या पानावर उजेड दिसतो.

काकांनी नकलेचा अर्ज पुढे सरकवला.
नोंदीतील व्यक्तीशी नातं.
दाविदपुढे लिहिलं, पणती.
बुधापुढे पेन थांबलं.
भावाला फोन लावावा वाटलं, लावला नाही.
बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.
मग मी तिथे फुली मारली.
काकांनी चष्म्यावरून पाहिलं,
काही न बोलता शिक्का मारला.

फी वीस रुपये.
देताना सवयीनं नोटेचा नंबर वाचला.
बरोबर होता.