नाणे किंवा तत्सम

यंत्र मस्कतहून आलं, मेव्हण्याच्या जुन्या सामानातून.
तेव्हापासून मी पुळणीवर लोकांच्या अंगठ्या शोधतो.
साखरपुडा झाला की माणसं समुद्रात उतरतात,
पाण्यात बोटं आकसतात, सोनं सुटतं,
मग लॉजवाला त्यांना माझा नंबर देतो.
मिळाली तर पाचशे, नाही मिळाली तर चहा.

दहा वर्षांत कान तयार झाला.
बाटलीचं बूच किंचाळतं. खिळा खोकतो.
जुनं पाच पैशाचं नाणं सराईत खोटं बोलतं,
थेट सोन्याच्या आवाजात.
त्या दिवशी अमावास्येची मोठी ओहोटी होती,
हर्णैच्या अलीकडे खडप उघडं पडलं होतं,
तिथं कानात काहीतरी घुमलं,
कोरड्या विहिरीत पारवा बसावा तसं.

वीतभर खणलं. आधी पाणी भरलं,
मग एक कुरली पळाली,
मग हाताला लागलं:
रुपयाएवढं, काळं, आकाराच्या मानानं जड.
मधोमध भोक.

कारेकरांनी कसोटी बाहेर काढलीसुद्धा नाही.
नखानं ओरखडा काढला, म्हणाले, शिसं. माझ्याकडे कशाला?
तरी हाताच्या सवयीनं काट्यावर ठेवलं.
अकरा ग्रॅम आणि थोडं.
थोडं म्हणजे?
थोडं म्हणजे वाळू.

गोंधळेकर गुरुजींनी भिंगातून
कडेला एक अक्षर वाचलं. मग दुसरं.
राजाचं आहे, म्हणाले, आणि दोन रात्री झोपले नाहीत.
तिसऱ्या दिवशी सायकल मारत स्वतःच आले.
अक्षरं नव्हेत रे ती. कालवं चिकटून निघाल्याचे वळ.
एवढं बोलायला पाच किलोमीटर.

रत्नागिरीला संझगिरीबाईंनी हातमोजा चढवला.
या किनाऱ्यावर शिशाची नाणी चालत, म्हणाल्या,
दोन हजार वर्षांपूर्वी. हे त्यातलं असेल. नसेलही.
ओळख पटते ती मधल्या चिन्हावरून,
हत्ती, टेकडी, एखादं डोलकाठ्यांचं गलबत.
मग भोकातून माझ्याकडे बघत राहिल्या.
नेमकं तेवढंच कुणीतरी नेलंय.

बंदरावर यमुनाबाई पावसे बर्फाच्या पेटीवर बसलेली,
टोपलीत बांगडे, हात ओले.
तिनं न विचारता ते घेतलं, करंगळी भोकात घातली,
फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली.
ही कड बघ. एका अंगाला झिजलीय.
दोरी चाललीय हिच्यातून, वर्षानुवर्षं.
पागाचं शिसं हाय हे.
माझा बाप असलीच ओवायचा, गावंल ते ठोकून.
मी म्हटलं, पण नाणं?
आसंल की नाणं. पाण्यात त्याला कोण विचारतंय?
पाण्यात वजन लागतं.

त्या रात्री मला तो दिसत राहिला,
नाव नसलेला, गुडघाभर पाण्यातला,
ज्याचा पाग नीट बुडत नव्हता.
कमरेला राजाचा एक हत्ती होता,
बाजारात आता कुणी न घेणारा.
त्यानं दगडावर ठेवून मधोमध खिळा मारला.
त्याला पेडवे हवे होते.

सापडलेलं सरकारजमा करावं लागतं.
खेडेकर तलाठ्यांनी पंचनामा लिहिला:
एक नग, धातू शिसे, मधोमध छिद्र.
काळ? तिथं पेन थांबलं. रकाना कोरा राहिला.
किंमत? भंगाराच्या भावानं दोन रुपये.
वर्णनापाशी मात्र त्यांनी चष्मा पुसला
आणि सुवाच्य लिहिलं, नाणे किंवा तत्सम.
नोकरीत त्यांनी लिहिलेला
सगळ्यात खरा शब्द असेल तो, तत्सम.

पाकिटाला लाख लावायच्या आधी
मी एकदा डोळ्याला लावून घेतलं.
खिडकीबाहेर खाडी होती, भरतीला लागलेली.
भोकातून एक ट्रॉलर सावकाश गेला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
कुणाला सांगितलं नाही. सांगून काय लिहिणार होते?

यमुनाबाई अजून विचारते,
बांगडे मोजताना, मान वर न करता,
सरकारचं बघून झालं का रे?
झालं तर आण परत.
आमच्या पागाला एक कमी हाय.