दुबळा मासा

तळाशीलच्या ओल्या वाळूत बोटाने काढते
एक अक्षर: डावीकडे मासा, उजवीकडे दुबळा,
दोन्ही मिळून तारली.
आई पाटी खाली ठेवून वाकते.
तिला तो कुर्लीच्या पोरांनी केलेला राडा वाटतो.

अकरा महिने मी ओकुदाबाईंकडे होते,
साडेचार चटयांच्या खोलीत.
तिथे खोलीसुद्धा चटयांनी मोजतात.
वर्गात पहिल्या दिवशी माझं आडनाव
बाईंच्या तोंडात गेलं केळुसकर
आणि बाहेर आलं केरुसुकारु,
अंगणात एक पडवी वाढवून.
ळ कुठे सांडला, मी वर्षभर शोधत होते.

मोजायला शिकले नव्याने.
कागदाला एक शेपूट, जनावराला दुसरं,
छत्री, पेन्सिल, मेणबत्ती, लांब असेल त्याला तिसरं.
दोन मेणबत्त्या: निहोन.
देशाचं नावही तेच, फक्त सूर दुसरीकडे चढतो.
वीज गेली त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात
मी हात जोडून अख्खा देश मागितला.
म्हाताऱ्याने काही न बोलता
दोन मेणबत्त्या कागदात गुंडाळल्या.

चौथ्या महिन्यात ताटात तारली आली,
डोक्यासकट, मिठात भाजलेली.
घशाशी आलं ते काय होतं सांगता येईना.
म्हणायचं होतं, ही आमची,
आमच्याकडे इतकी येते की
उरलेली माडांच्या मुळांशी खत म्हणून घालतो.
माझ्याजवळच्या शब्दांत ते झालं:
आम्ही ह्यांना झाडाखाली पुरतो.

ओकुदाबाईंनी काड्या खाली ठेवल्या.
हळूच विचारलं, प्रार्थना म्हणून?

नाही म्हणायला वाक्य लागतं.
हो म्हणायला 'हाइ' पुरतं.
त्या रात्रीपासून तिकडच्या एका स्वयंपाकघरात
आमचं गाव फार सोज्वळ आहे.

घरात शिरताना म्हणायचं 'तादाइमा', आले मी.
आतून कुणी म्हणायचं 'ओकाएरी'.
बाई कामावर असल्या तरी मी म्हणायची.
भाताचा कुकर शिजून झाल्यावर गाणं वाजवायचा,
कधी कधी वेळ बरोबर जुळायची.

परत आले तेव्हा आमच्या उंबऱ्यावर
तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.
निघताना 'येतंय' म्हणतो आपण,
पण आल्यावर काय म्हणतात?
आई आतून ओरडली,
पाय धुतलंस? जेवलंस?

आता वाळूत तिला समजावते:
मासा आणि निळा, तो बांगडा.
मासा आणि बर्फ, तो थंड पाण्यातला, तुला माहीत नाही.
"बर्फ आमीय घालतो," आई म्हणते, "क्रेटात."
आणि हा, दुबळा.
पाण्याबाहेर काढला की लगेच मरतो, म्हणून.

"तारल्याक दुबळो म्हणतत?"
कमरेवर हात.
"एकलो दुबळो. हजार इले काय जाळी फाडतत.
लिवणाऱ्यान कदी रापण वडलेली नाय दिसता."

रापणीचा दोर तेवढ्यात ताठ होतो.
यशवंतकाका पुढून, मागून पोरं,
कोणाचा तरी पाय माझ्या अक्षरावर पडतो,
दुबळा तिथेच मोडतो, मासा तेवढा उरतो.

ओकुदाबाईंना आज कळवायला हवं.
वाक्य मनात जुळवते, अर्ध्यावर अडते:
मासे एक, दोन, तीन येतं मला,
पण जाळ्यात एकदम उसळणाऱ्या चांदीला
कोणतं शेपूट लावायचं
ते पुस्तकात नव्हतं.
आईलाही विचारून उपयोग नाही.
ती मोजत नाही, वाटे घालते,
आणि प्रत्येक वाट्यावर वरून एक.

"गो, उबी काय? वडूक ये!"

'हाइ' म्हणते मी,
आणि दोर धरते.