भरतीचं गाठोडं

कास्त्रोला माझं घर खांबांवर उभं आहे.
दिवसातून दोनदा समुद्र खाली येऊन बघून जातो,
मी जागी आहे का.
आज आहे. चुलीत ओलं लाकूड धुमसतंय
आणि स्क्रीनवर एक लायब्ररी, बावीस फायलींची.
भरती कधी, ओहोटी कधी, एवढंच सांगते बिचारी.

तिला डिस्ट्रिब्युशनमध्ये न्यायचंय.
न्यायचं म्हणजे काय गं, शिंपले विकणाऱ्या एदुविनानं विचारलं.
म्हटलं, आपल्या बेटावर घरं हलवतात ना,
बैलजोड्या जुंपून, खाली ओंडके सरकवत,
खिडक्या-पडद्यांसकट अख्खं घर
या टेकडीवरून त्या टेकडीवर. तसंच.
"आणि ओढणाऱ्यांना जेवण कोण घालतं?"
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी नाव, विभाग, वर्णन.
वर्णन एका ओळीत, शेवटी पूर्णविराम नको.
तो मी तीनदा दिला, तीनदा खोडला;
शाळेत मार खाऊन शिकलेली सवय.
मग हिचं कुणावाचून अडतं त्यांची यादी,
नेमक्या आवृत्तीसकट.
तपासणारा प्रोग्राम खडूस:
ओळीच्या शेवटी रिकामी जागा आहे.
मॅन्युअलचं पान नाही.
तारखेच्या आधी दोन स्पेस हव्यात, एक आहे.
बरं बाबा, घे.

एक चाचणी मात्र हटून बसली.
चोंचीच्या धक्क्यावरची भरती, तेवीस मिनिटं चुकीची.
मी कोड उलटा वाचला, सुलटा वाचला,
कंपायलरला शिव्या घातल्या. तो निर्दोष होता.

शिवाय परवान्याचा घोळ.
एकवीस फायलींच्या माथ्यावर परवाना आहे;
बाविसावीत नुसते आकडे, आणि वर एक ओळ:
"ओनोफ्रे बार्रिया यांनी धक्क्यावर बसून मोजले. एकोणीस वर्षं."
ओनोफ्रेंना जाऊन सहा हिवाळे झाले.
गेलेल्या माणसाची संमती कुठल्या रकान्यात भरतात,
ते नियमावलीत सापडेना.

रविवारी फेरी धरून लेमुईला गेले.
त्यांची मुलगी रोसाल्बा जांभळे बटाटे सोलत होती.
म्हणाली, बाबांनी कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत.
म्हटलं, फुकट नकोय, मुक्त हवंय.
ती थांबली. साल सुरीवरून लोंबत राहिली.
"म्हणजे कुणीही घेणार, बदलणार, वाटोळंही करणार?"
हो.
"आणि बाबांचं नाव?"
ते कुणाला काढता येणार नाही.
मग तिनं हात पुसले, चष्मा शोधला,
माझ्या लॅपटॉपवरचे आकडे बोट ठेवून वाचू लागली,
किराण्याची यादी वाचावी तसे.
एका जागी बोट अडलं.
"हा सात नाही. एक आहे.
बाबांचा एक टोपी घालायचा.
सात असला की ते त्याच्या कमरेला पट्टा बांधायचे."
आणि आतून वही आणून दाखवली:
मिठानं फुगलेली पानं,
टोपीवाले एक, पट्टेवाले सात, ओळीनं उभे.

तिथंच, तिच्या ओट्यावर, एक आकडा बदलला.
चाचणी हिरवी झाली.
संमतीचा कागद तिनं सावकाश लिहिला, सही केली,
खाली तारीख, आणि तारखेतला एक
टोपीवाला.

निघताना बटाट्यांची पिशवी हातात कोंबली.
एदुविनाला सांगायला हवं.

रात्री पॅच जोडला. वर्णनात लिहिलं:
वाचनदोष दुरुस्त, सौजन्य रोसाल्बा बार्रिया.
बदलांच्या नोंदीत एकच वाक्य: पहिली आवृत्ती.
त्याखाली माझं नाव, इस्मेनिया कार्कामो,
आणि वेळ, ग्रिनिचच्या तीन तास मागे.
किल्लीनं मोहोर केली. पाठवून दिलं.

आता रांगेत अठ्ठेचाळिसावी आहे.
तपासणारेही कुठंतरी नोकऱ्या सांभाळून जागणारे;
आठवडे लागतील, कदाचित महिने.

खाली पाणी आलंय. खांबाला होडी धडकतेय.
घड्याळ पाहिलं:
तक्त्यापेक्षा चार मिनिटं उशीर.
वारा असेल.