विडीचा खांदा

अक्काताईचं मोजणं कधी चुकलं नाही.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचं हजार,
सुपाकडं न बघता बोटं बरोबर थांबायची.
चुकले ते दिवस.
दोन पोरं शाळेत, तिसरं अजून अंगावर पिणारं,
पाळी आली का गेली, कोण भिंतीवर खडूनं लिहून ठेवतंय.

निपाणीच्या स्टँडमागं औषधाचं दुकान.
पाटी कानडीत, आम्ही ओळखतो ते चित्रावरून,
हिरवा क्रॉस आणि त्याखाली हसणारं बाळ.
त्यानं विचारलं, "कुणाला?"
तेही आवाज पाडून. बाकी काहीच नाही.
मग कात्री घेतली
आणि आम्ही टेंभुर्णीचं पान छाटतो
तशी पट्टी छाटली.
नाव एका तुकड्यावर राहिलं, तारीख दुसऱ्यावर,
दोन्ही त्याच्या ड्रॉवरमध्ये.
आठवड्याच्या विड्या गेल्या त्या गोळ्यांत.

मी बाहेर उभी होते,
ओळखीचं कुणी येतंय का बघत.
तेवढंच माझं काम. ते मी चोख केलं.

रात्री रक्त गेलं, थोडंच.
"सुटले," म्हणाली,
सकाळी सूप मांडीवर घेऊन बसलीसुद्धा.

पाचव्या दिवशी उजवा खांदा धरला.
विडीवालीचा खांदा, दुखायचाच.
मी तेल कोमट केलं, चोळलं,
अंगठ्यानं दाबून दाबून, गाठ शोधत.
आत नळी फुटली होती.
रक्त पोटभर पसरत वर चढत होतं
आणि मी
खांदा चोळत होते.

"कोल्हापूर का बेळगाव?" गाडीवाल्यानं विचारलं.
जवळ कोल्हापूर. कार्ड इकडचं.
दीर म्हणाला, बेळगाव.
तवंदीचा घाट चढेस्तोवर
तिचे ओठ विडीच्या राखेसारखे झाले.
हत्तरगीला मी तिला हाक मारली. संकेश्वरलाही मारली होती.

सिस्टर कानडी. "एष्टु दिन आयतु?"
मी पाच बोटं दाखवली, मग सात,
मग नुसतेच हात.
"रक्त?"
हा शब्द तेवढा दोघींचा एकच निघाला.

चार बाटल्या चढल्या. एक नळी काढली.
तिसऱ्या दिवशी सिस्टर खाटेवर टेकली,
मोडक्या मराठीत सांगत राहिली.
नळीतल्या गर्भाला त्या गोळ्या काही करत नाहीत.
आधी बघायचं असतं, कुठं आहे, किती दिवसांचा आहे.
इथं फुकट बघतात.
आणि नवऱ्याची सही कशाला?
तुझी एकटीची पुरते.

अक्काताई छताकडं बघत होती.
नवऱ्याची सही लागते,
म्हणून तर आम्ही दुकानात गेलो होतो.

सुटी होताना कानडी कागदावर
तिनं मराठीत नाव लिहिलं.
काना द्यायला विसरली, परत दिला.

परवा मुल्लाणींची नसीम म्हणाली,
"खांदा भरून आलाय गं, तेल आहे का?"
मी सूप खाली ठेवलं.
तिच्याजवळ सरकून विचारलं,
पाळी कधी आली होती?
नसीम हसायला लागली,
"खांद्याचा आणि त्याचा काय संबंध?"