अर्धी गोळी

पाराना नदीच्या काठी, आमच्या गोया गावात,
जानेवारीत पत्रा असा तापतो
की मांजरसुद्धा छपरावर पाय ठेवत नाही.
त्या उकाड्यात एलादिओ कुडकुडत उठायचा.
बूट चाचपायचा. ओले आहेत म्हणायचा.
बूट दाराशी, कोरडे ठणठणीत.

चाळीस वर्षं झाली बेटांवरच्या लढाईला.
थंडी कशाशी खातात ठाऊक नसलेलं पोर
एकोणिसाव्या वर्षी नेलं होतं त्यांनी.
तेव्हापासून झोप म्हणाल तर
आमच्या घरात औषधालाही नव्हती.

शेवटी कोर्रिएन्तेसच्या डॉक्टरीणबाईंनी
औषधच लिहून दिलं.
सर्ट्रालीन. पहिला आठवडा अर्धी.
मासे साफ करायच्या सुरीने मी गोळी कापायचे,
एक अर्धुक नेहमी जरा मोठं व्हायचं.
मोठं आज. लहान उद्या.

आधी नुसती मळमळ. तोंडाला कोरड.
येर्बाचा चहासुद्धा पुढ्यात निवून जायचा.
चौथ्या आठवड्यात एका रात्री
मीच दचकून उठले, इतकी शांतता.
त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.
झोपला होता.

गुण आला, मी शेजारच्या निल्दाला सांगितलं.

मग कार्निव्हालच्या दिवसांत, त्याच्या गळांच्या डब्यात,
आकडे, शिशाचे मणी, आणि तळाशी
सतरा गोळ्या.
मी काही बोलले नाही. डबा मेजावर उघडाच ठेवला.
बाहेर ढोल वाजत होते.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"गोळी घेतली की सेनोन येत नाही.
रोज यायचा. खंदकात माझ्या उजव्या अंगाला असायचा ना.
आता मी इथे उबेत झोपतो
आणि तो तिकडे एकटा."

यावर बाईंकडे काय असणार.
माझ्याकडेही नव्हतं.
मला वाटायचं, दुखणं म्हणजे काटा, काढला की झालं.
दुखण्याजवळ कुणी बसून असतं,
हे चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

आता घेतो. न्याहारीनंतर, पूर्ण एक.
मुलीच्या लग्नात रडला नाही,
ते तिच्या जरा मनाला लागलं.
नदीवर जातो. मोठा मासा मिळाला
तर अर्धा निल्दाकडे पाठवतो.

फक्त ट्रंकेतलं जाड लोकरीचं पांघरूण
त्याने बाहेर काढलंय,
पलंगाच्या उजव्या कडेला घडी करून ठेवतो.
अडतीस डिग्री. पंखा गरगर.
मी झाडताना ते उचलते, झटकते,
परत तिथेच ठेवते.