सात चाव्या

मडगावच्या कदंबा स्टँडसमोर आमचं लॉज.
खाली चहावाला, वर आठ खोल्या.
रविवारी मी पप्पांच्या शेजारी उंच स्टुलावर,
माझं काम एकच: खिळ्यांवरच्या चाव्या मोजायच्या.
त्या दिवशी सात होत्या.
तीन नंबरात सांगलीचे एक काका उतरलेले,
ते फक्त झुरळांना घाबरायचे.

दिवेलागणीला हळियाळची बस आली.
चौघं जिना चढून वर आले:
बाप, आई, माझ्याएवढी मुलगी, आणि एक छोटा,
त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.
इतकी काळी माणसं मी इतक्या जवळून पाहिली नव्हती.
मी बघत राहिले. मुलगीही माझ्याकडे बघत राहिली.
माझ्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

"पासपोर्ट?" पप्पा म्हणाले.
गोऱ्यांशी बोलतात त्या आवाजात नाही,
दुसऱ्याच.

बाप हसला. "कसलो पासपोर्ट, पात्रांव?
आमी हळियाळचीं."
कोकणी! आमच्या स्वयंपाकघरातलीच,
फक्त जरा रानातून चालून आलेली.
त्यानं कार्ड दिलं. पास्कोल सिद्दी.
पप्पांनी ते उलटं केलं, सुलटं केलं,
नखानं फोटो खरवडून पाहिला.
मग छोट्याकडे बोट: "त्यात काय?"

कागद सुटला. मेणबत्ती होती.
छोट्याच्या उंचीची, बरोब्बर टाळूपर्यंत.
"हाका जोर आयिल्लो," आई म्हणाली,
"कोलव्याच्या मेनीन जेजूक आंगवण."

"रूम ना," पप्पा म्हणाले. "फुल."

मुलगी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती.
बोट उचलून, शाळेत मोजतात तसं:
"एक, दोन, तीन, चार, पांच, स, सात."
तिच्या बापानं ते बोट मुठीत घेतलं,
हळूच खाली आणलं.
पप्पांनी पंखा मोठा केला.
चाव्या वाजायला लागल्या.

जेवताना आईनं विचारलं, का नाही दिली?
"बाकीची गिऱ्हाइकं घाबरतात."
"कोण?" मी म्हटलं. "सांगलीचे काका?"
"जेव."

गॅलरीतून स्टँड दिसतो.
फलाटावर त्यांनी गोधडी पसरली होती,
जुन्या साड्यांचे, शर्टांचे तुकडे तुकडे,
कोपऱ्यांना कापडाची छोटी फुलं.
मेणबत्ती मधोमध झोपवलेली, पाचवं माणूस असल्यासारखी.

पप्पा घोरायला लागल्यावर
मी पाच नंबरची चावी काढली.
खिळ्यानं आवाज केला, मी श्वास केला नाही.
रस्ता ओलांडला. एकटीनं, पहिल्यांदा.

ती जागी होती. जुलियान तिचं नाव.
मी चावी पुढे केली.
तिनं दिव्याखाली धरून नंबर वाचला.
"तुज्या बापायन दिल्या?"
"ना."
"मागीर ती चोरी."
आणि चावी माझ्या हातात परत.

मला रडू आलं. तिला नाही.
ती सरकली, गोधडीवर वीतभर जागा केली.
"बस."
मी बसले. खाली थंड फरशी,
पण गोधडीतून ती कळत नव्हती.

ती म्हणाली, तिची आजी सांगते,
आमचे खूप जुने लोक ह्याच गोव्यात विकायला आणलेले.
एका रात्री ते पळाले, घाट चढून, रानात.
मी विचार केला. "म्हणजे तुम्ही आलात
की परत आलात?"
तिनंही विचार केला.
"बशीन आयलीं," ती म्हणाली.
मग आम्ही दोघी इतक्या हसलो
की छोटा कूस बदलून मेणबत्तीला बिलगला.

पहाटे पहिल्या बसनं ते कोलव्याला गेले.
मी गॅलरीत होते. तिनं वर पाहिलं,
हात हलवला नाही, बोटं दाखवली:
सात.

पप्पा खाली शटर उघडत होते.
"चाव्या मोजल्यास?"
मी मोजल्या, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल अशा.
सातव्यावर थांबले नाही.
परत एकपासून सुरू केलं.