गरम होईपर्यंत थांब

भंगारवाल्यानं ती काट्यावर ठेवली
तेव्हा अकरा किलो चारशे भरली.
तांबं कमी, पितळ नाहीच, म्हणून भाव पाडला,
वरून म्हणाला, "पेटी हाय, पण भाता नाही हिला.
हवा कुठून घेती, मला इचारू नका."

मी परभणीत जिंतूर रोडला
पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी करतो.
जयंतीच्या मिरवणुकीत, हळदीत, मोंढ्यातल्या गणपतीपुढं
ठोके माझे असतात, नाव डीजेचं.
माझ्याकडं एकशे बारा सिंथेसायझर आहेत,
सगळे एका पेनड्राइव्हमधून आले,
एकाचेही पैसे दिलेले नाहीत.
त्यांतला एक ह्याच पेटीचं तोंड लावून बसलाय:
तीच बटणं, तीच लाकडी गालफडं,
डाव्या कडेला काढलेला ओरखडासुद्धा.

पेटीचा ओरखडा उजवीकडं आहे.

गौसभाईंनी तिची पाठ उघडली.
आत पालीची अंडी,
उदगीरच्या एका लॉजची पावती, पाच कॉट, सत्त्याऐंशी साल,
आणि मुगाएवढे, मसुराएवढे पार्ट.
"सात गेलेत," ते म्हणाले,
घरातली माणसं मोजावी तसं.
चार दिवस कथलाचा वास.
मग म्हणाले, "लावल्या लावल्या वाजवू नको.
गरम होईपर्यंत थांब. वीस मिनिटं. मग सूर लाव."
गौसभाई, मे महिना आहे,
ही तर बटण दाबायच्या आधीच गरम आहे.

आणि खरंच, दुपारी दोनला
तिचा सा एका जागी थांबेना.
कूलर तिच्याकडं वळवला की चढे,
माझ्याकडं वळवला की उतरे.
लॅपटॉपमध्ये ह्याच्यासाठी वेगळं बटण आहे, ड्रिफ्ट,
शून्य ते शंभर.
कुणीतरी बसून मोजलंय, किती चुकायचं.
मी सदतीसवर ठेवतो, बरं वाटतं.
पण ती चूक कुठल्या तरी गार खोलीतली,
तिला आमचा पत्रा माहीत नाही.

म्हणून पेटी खरी अन् लॅपटॉप लबाड
असं माझ्या तोंडून निघणार नाही.
त्यानं मला जेवू घातलंय.
लाईट गेली की पेटी जागच्या जागी गप,
हा अंधारात दीड तास ठोके मोजत राहतो.
तिला एका वेळी एकच सूर येतो,
दुसरी पट्टी दाबली की पहिलीला सोडून देते,
आणि काल काय वाजवलं ते आज सांगत नाही.

ते बाहेर लिहिलेलं होतं.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसताना दिसलं:
प्रत्येक बटणाशेजारी नेलपॉलिशचा ठिपका. लाल.
काही ठिकाणी लालच्या बाजूला गुलाबी.
अंधाऱ्या स्टेजवर घाईत सापडावं म्हणून असेल.
पावतीवर नाव एकच,
उत्तम हत्तीअंबीरे आणि पार्टी.
नेलपॉलिश पार्टीतल्या कुणाची, ते लॉजनं लिहून घेतलं नाही.

सगळी बटणं लालवर आणली.
वीस मिनिटं थांबलो.
मधली पट्टी दाबली.

बासरी निघेल वाटलं होतं.
निघाला एक बारीक, आंबट आवाज,
रिकामं पातेलं आचेवर विसरलं की करतं तसा.
हा कुठल्या गाण्याला लागत असेल?
गौसभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"हाव, हेच वाजायचं. रेणापूरच्या जत्रेत ऐकलंय.
गाणं मात्र..."
आणि परत चष्मा खाली.

तो आवाज मी लॅपटॉपात भरून घेतला,
फायलीला नाव दिलं: लाल.
दुसऱ्या दिवशी तेच ठिपके, तीच पट्टी,
पेटी जरा खालून बोलली, जरा जाड.
फाइल कालच्यावरच अडून बसलेली.
दोघांना एकदम वाजवलं
तर मधोमध एक लाट उठली, सावकाश,
पत्रा थरथरला, स्क्रूची डबी सरकत सरकत
टेबलाच्या काठापर्यंत गेली.
मी हात उचलणार
तेवढ्यात गौसभाई म्हणाले, "राहू दे."

गुलाबीवर अजून आणलेली नाहीत बटणं.